पेटी का बोलत नाही?

सोलापूरहून तुळजापूरला निघालात की वाटेत तामलवाडी लागते. तिथे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ वर टोलनाका आहे. गाडी नाक्याशी आली की वर टांगलेली एक चपटी पेटी काचेवरची फास्टॅगची चिठ्ठी वाचते, दांडा वर होतो आणि गाडी निघून जाते. तिथून शिवारात वळलात तर विहिरीच्या काठी पत्र्याच्या खोक्यात मोबाईल स्टार्टर बसवलेला दिसेल. रेशन दुकानात डोकावलात तर अंगठ्याचे यंत्र दिसेल. दिसायला ह्या तिन्ही वस्तूंचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण आतून पाहाल तर तिघी सख्ख्या बहिणी आहेत. प्रत्येकीच्या पोटात एक लहानसा संगणक आहे. त्याला एकच काम नेमून दिलेले आहे, आणि ते करताना त्याला लांबच्या कोणाशी तरी बोलावे लागते.

जाणकार ह्याला एम्बेडेड संगणक म्हणतात. आपण पोटातला संगणक म्हणू. ह्याला पडदा नाही, कळफलक नाही. शाळेतला संगणक बिघडला तर पडद्यावर निदान चार अक्षरे तरी उमटतात. हा मात्र मुक्या जनावरासारखा. दुखते कुठे ते सांगत नाही, आपणच अंग चाचपून ओळखायचे. आणि आपण काय करतो? ‘रेंज नाही’ एवढे दोन शब्द बोलून मोकळे होतो. ‘पोट दुखतंय’ एवढ्यावरून डॉक्टरला रोग कळत नाही, तसेच हे. निरोप पेटीतून निघून पलीकडे पोचेपर्यंत वाटेत चार-पाच मुक्काम असतात. तो कोणत्या मुक्कामावर अडला, हे शोधायचे असते. ते न शोधता धकवले की भुर्दंड बसतो, आणि बहुधा ज्याचा काही दोष नाही त्यालाच बसतो.

तामलवाडीच्या एका द्राक्षबागायतदाराची हकीकत सांगतो. एप्रिलची छाटणी झालेली, बागेला पाणी वेळेवर हवे, आणि लाईट पाळीची. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. विहीर घरापासून दीड-दोन किलोमीटर. रात्री उठून बांधाबांधाने जायचे म्हणजे साप-विंचवाचे भय. ती खेप चुकावी म्हणून त्यांनी मोबाईल स्टार्टर बसवला होता. घरी अंथरुणावरून फोन लावायचा, तिकडे मोटर चालू. दोन वर्षे सुखाची गेली. मग एके दिवशी फोन लागेना. त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, “सर, पेटी बोलंना झालीय.”

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो, यंत्रे दुरुस्त करत नाही. पण घरच्या ओळखीमुळे ते माझ्याकडे आले. तोवर त्यांचा खर्च होऊन गेला होता. मेकॅनिकने सिम काढून मुलाच्या फोनमध्ये घातले, तिथे ते झकास चालले. सिम चांगले, म्हणजे पेटी गेली, असा त्याने निकाल दिला. नवी पेटी आली. ती बसवली, तीही मुकीच! मग अँटेना बदलली. तरी काही नाही.

मी विचारले, “तात्या, बंद पडायच्या आधी काय बदललं होतं?”

“कायबी नाही. जसंच्या तसं होतं बघा.”

हे उत्तर ध्यानात ठेवा. प्रत्येक जण हेच सांगतो आणि प्रामाणिकपणे सांगतो.

मी पेटीतल्या बारीक दिव्याबद्दल विचारले. मुलगा म्हणाला, “पहिल्यांदा सावकाश लुकलुकायचा, आता भराभर लुकलुकतोय.” ही माहिती लाखमोलाची होती. पुष्कळशा २जी मोडेममध्ये अशी सोय असते की टॉवर सापडला नसेल तर दिवा साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो, आणि टॉवरने नाव दाखल करून घेतले की दर तीन सेकंदांनी एकदा. म्हणजे पेटीला वीज मिळत होती, तिचा मेंदू जागा होता, ती टॉवरला हाका मारत होती आणि टॉवर तिला दारात उभे करत नव्हता.

सिम मुलाच्या फोनमध्ये चालले होते ना, मग? इथेच मेकॅनिक फसला. जॉन स्टुअर्ट मिल ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली तर्कशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने कारण शोधण्याच्या काही रीती सांगितल्या. त्यांतली एक व्यतिरेक रीती. दोन प्रसंग असे घ्या की त्यांच्यात सर्व काही सारखे आहे, फरक फक्त एका गोष्टीचा. मग परिणामात जो फरक पडेल तो त्या एका गोष्टीमुळे. आपल्याकडचे नैयायिक अन्वय-व्यतिरेक म्हणत आले तेही ह्याच जातीचे. आता मेकॅनिकचा प्रयोग पाहा. सिम तेच ठेवले, पण फोन होता नवा ४जीचा आणि पेटीतला मोडेम २जीचा. सिम पेटीतून फोनमध्ये गेले तेव्हा जागाही बदलली आणि बोलीही बदलली. अशा प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही.

घरात आज्जीचा जुना बटणांचा फोन होता, निव्वळ २जीचा. पेटीचे सिम त्यात घातले. फोनवर सिम दिसले, नेटवर्क मात्र येईना. मग आज्जीचे सिम विहिरीवर नेऊन पेटीत घातले. मिनिटाभरात दिव्याने ताल बदलला. दर तीन सेकंदांनी एक लुकलुक! आज्जीच्या नंबरवर फोन लावला तर घंटा वाजली.

तेव्हा कुठे मुलाला आठवले, “पप्पा, मी ते सिम पोर्ट केलं होतं की. रिचार्ज स्वस्त होता म्हणून.” ज्या कंपनीकडे नंबर नेला तिचे २जीचे जाळेच नव्हते. काही कंपन्या पहिल्यापासून फक्त ४जी आणि त्यापुढचीच सेवा देतात. मुलाच्या मते तो ‘बदल’ नव्हताच, नंबर तोच होता ना! पुन्हा जुन्या कंपनीकडे जावे तर एकदा पोर्ट केल्यावर ९० दिवस थांबावे लागते. शेवटी २जी चालवणाऱ्या कंपनीचे नवे सिम घेतले आणि बाग वाचली. काढून ठेवलेली पहिली पेटी निर्दोष होती. ती आता शेजाऱ्याच्या विहिरीवर चालते आहे.

म्हणून वाटेचे मुक्काम क्रमाने तपासावेत. पण त्याआधी एक ताकीद. मोटरची पेटी म्हणजे खेळणे नव्हे. मेन स्विच पाडल्याशिवाय आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकल्याशिवाय तिच्यात हात घालू नका. ह्या पेट्या ऑटोवर असतात. लाईट आली की आपणहून मोटर चालू करतात. किंवा तुमचा हात आत असताना घरून कोणीतरी सहज फोन लावतो! तारांच्या बाजूचे काम वायरमनचेच. आपण दिवा, सिम आणि अँटेना एवढेच पाहावे.

पहिला मुक्काम विजेचा. दिवा लागला म्हणजे वीज भरपूर आहे असे समजू नका. २जी मोडेम गप्प असताना थोडक्यावर भागवतो, पण टॉवरशी बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. पेटीतली बॅटरी म्हातारी झाली असेल किंवा बाजारातून स्वस्तातला अडॅप्टर आणून लावला असेल, तर नेमके बोलायच्या वेळीच तिचा श्वास तुटतो. मग घंटा एकदा वाजते आणि खटकन बंद होते. पेटी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, दिवा पुन्हा भराभर लुकलुकतो. ‘शांत असताना ठीक, बोलायला गेली की बेशुद्ध’ हे लक्षण दिसले की आधी वीज तपासा. शाळेतल्या रास्पबेरी पायचेही असेच आहे. मोबाईलच्या कोणत्याही चार्जरवर तो सुरू होतो, पण काम वाढले की अडखळतो.

दुसरा मुक्काम अँटेनाचा. पत्र्याच्या बंद खोक्यातून रेडिओलहरी बाहेर पडत नाहीत. अँटेना खोक्याबाहेर, उभी आणि उंच हवी. तिचा पितळी आटा सैल झालेला असतो, वायर उंदराने कुरतडलेली असते, नाहीतर कोणी हौसेने ‘पावसात भिजेल’ म्हणून अँटेना आत ठेवून दिलेली असते. काही पेट्या एसएमएस केला की सिग्नलचा आकडा कळवतात. तो ० ते ३१ मध्ये असतो. दहाच्या वर असला तर सहसा काम भागते. क्वचित ९९ असे उत्तर येते आणि माणूस खूश होतो. त्याचा अर्थ ‘भरपूर’ असा नाही, तर ‘मोजताच आले नाही’ असा आहे.

तिसरा मुक्काम सिमचा आणि त्याच्या खात्याचा. सिमला पिनचे कुलूप असेल तर पेटी ते उघडू शकत नाही, म्हणून ते आधी साध्या फोनमध्ये काढून टाकावे. रिचार्जची मुदत संपली की आधी पेटीचे बोलणे बंद होते, ऐकणे काही दिवस चालू राहते. फोन लावल्यावर मोटर तर चालू होते, पण ‘मोटर चालू’ हा उलट निरोप येत नाही. हे लक्षण दिसले की पेटी उघडूच नका, रिचार्जची तारीख पाहा. आणखी एक गंमत. पुष्कळ पेट्या फक्त नोंदवलेल्या नंबरांचेच ऐकतात. मालकाने स्वतःचा नंबर बदलला की पेटी त्याला परका समजते. घंटा वाजते, पण ती हलत नाही. पेटी बिघडलेली नसते, इमानदारीने वागत असते.

घंटा वाजते, वाट मोकळी आहे, आणि तरीही काम होत नाही, हा प्रकार एकूण निराळाच. ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण आभाळात आहे. ५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेने सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान २०२३ च्या नोव्हेंबरात अर्थहीन काहीतरी पाठवू लागले. तिथे कोण मेकॅनिक जाणार? निरोप नुसता पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच. पण शास्त्रज्ञांनी आधी एक गोष्ट पाहिली. रेडिओलहर येते आहे, फक्त मजकूर बिघडला आहे. म्हणजे वीज ठीक, अँटेना ठीक, वाट ठीक. दोष आतल्या संगणकात. मग मार्च २०२४ मध्ये त्यांनी त्याच्याकडून स्मृतीतला सारा ऐवज मागवून घेतला. एका संगणकाच्या स्मृतीपैकी सुमारे ३ टक्के भाग नासला होता, एक बारीकशी चीप गेली होती. तिथला मजकूर त्यांनी तुकडे करून दुसऱ्या रिकाम्या जागी बसवला आणि २० एप्रिल २०२४ ला यान पुन्हा समजेल असे बोलले. विहिरीवरच्या पेटीला जे प्रश्न विचारायचे, तेच त्यांनी त्याच क्रमाने विचारले.

शिक्षक मित्रांना थोडे वेगळे सांगायचे आहे. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांतून आणि इतर मार्गांनी अर्डुइनो, रास्पबेरी पाय, ईएसपी असली लहान पाटी-यंत्रे शाळांत येऊ लागली. मुले त्यांवर मातीचा ओलावा मोजतात, घंटेचे वेळापत्रक लावतात. मात्र ‘वायफाय जोडत नाही’ म्हणून कित्येक यंत्रे पुन्हा कपाटात जातात. बहुतेक वेळा कारण अगदी साधे असते. ईएसपी८२६६ ह्या जातीच्या पाटीला फक्त २.४ गिगाहर्ट्झची वायफाय ऐकू येते. राऊटर ५ गिगाहर्ट्झवर लावून ठेवला असेल तर शिक्षकांच्या फोनवर सारे छान दिसते आणि पाटीला काहीच दिसत नाही. तामलवाडीच्या सिमसारखीच ही गोष्ट झाली.

जोडणी झाली तरी यंत्राला पत्ता मिळावा लागतो. राऊटर सहसा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता देतो. तुमच्या रास्पबेरी पायवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजा की त्याला कोणी पत्ता दिलाच नाही आणि त्याने स्वतःच एक ठरवून घेतला. गावात नव्याने आलेल्या माणसाने ग्रामपंचायतीला न विचारता दारावर घर क्रमांक रंगवावा, तसे! अशा वेळी इंटरनेटला दोष देऊन उपयोग नाही. वायर, राऊटर किंवा पासवर्ड पाहावा.

पत्ता बरोबर असेल तर हाक मारून पाहायची. ह्या हाकेला पिंग म्हणतात. शेताच्या ह्या बांधावरून आपण ‘ओऽऽ’ म्हणतो आणि त्या बांधावरून ‘ओ’ येते, तसेच हे आहे. आधी जवळच्या राऊटरला हाक मारा. तिथून ‘ओ’ आली तर शाळेतली वाट ठीक. मग ८.८.८.८ ह्या पत्त्यावर, म्हणजे पार गावाबाहेर. तिथूनही ‘ओ’ आली पण संस्थळाचे नाव घेतले की काही उघडत नाही, तर नाव सांगितल्यावर पत्ता शोधून देणारी व्यवस्था अडली आहे, वाट नव्हे. काही ठिकाणे हाकेला मुद्दामच ओ देत नाहीत, म्हणून एका मौनावरून निकाल देऊ नये.

एक कारण मात्र कोणाच्या स्वप्नातही येत नाही. ते घड्याळ. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत त्यात बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हते. रात्रभर लाईट गेली की सकाळी तो उठतो तो जुनीच तारीख धरून. सुरक्षित संस्थळे आपल्या ओळखपत्रावर मुदत लिहून ठेवतात. ह्याची तारीखच चुकीची, त्यामुळे त्याला ती खोटी वाटतात आणि तो बोलायला नकार देतो. हाका पोचतात, ओ येते, पण दार उघडत नाही. तारीख सुधारली की सारे सुरळीत!

आता रेशन दुकानातल्या यंत्राकडे येतो. विहिरीवर रात्रीची झोप जाते, इथे घरातले धान्य जाते. दुकानदार म्हणतो, ‘मावशी, अंगठा लागत नाही’ किंवा ‘सर्व्हर डाऊन आहे’. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच. परत जायचे एवढेच कळते. पण ह्या दोन अगदी उलट गोष्टी आहेत. आधारच्या व्यवस्थेत बोटाचा ठसा जुळला नाही तर उत्तर म्हणून ३०० हा क्रमांक येतो. उत्तर आले ना? मग वाट सबंध चालू आहे. निरोप दूरवर पोचला, तपासला गेला आणि परत आला. अशा वेळी रेंजची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. बोट पुसून, दुसरे बोट लावून पाहावे, कार्डावरच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलवावे. खुरपण करून करून बायांच्या बोटांच्या रेषा झिजतात, हा काही गुन्हा नव्हे. उलट काहीच उत्तर येत नसेल तर अंगठ्याला दोष देऊ नये. यंत्र दाराशी, मोकळ्यावर आणून पाहावे. काटीला किंवा सावरगावला फोन करून विचारावे. तिथेही बंद असेल तर अडचण गावातली नाही, वरची आहे.

हे ओळखता आले तर पुढे बोलता येते. केंद्राच्या अन्न खात्याने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना कळवले आहे की नेटवर्कच्या किंवा ठसा न जुळण्याच्या कारणाने पात्र माणसाला धान्य नाकारू नये. टोलनाक्यावरही तसेच. फास्टॅग चांगला आहे, खात्यात पैसे आहेत, आणि नाक्याच्या यंत्रणेतच बिघाड आहे, तर पैसे न घेता शून्य रकमेची पावती देऊन गाडी सोडावी, असे २०१८ च्या अधिसूचनेत म्हटले आहे. पण दोष चिठ्ठीचा, खात्याचा की नाक्याचा, हे ठरल्याशिवाय नियम कसा लागू होणार? पुढची गाडी गेली, मागची गेली, आपलीच अडली, तर आपली चिठ्ठी पाहावी. सगळ्याच अडल्या तर नाका पाहावा.

पावसाची गोष्टही सांगून टाकतो, कारण ती शेतकऱ्याच्या खिशाशी जाऊन भिडते. महावेध प्रकल्पात २०१७ पासून महसूल मंडळांत दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली गेली. त्यांच्याही पोटात असाच संगणक आणि असाच मोडेम. कधी केंद्राकडून निरोप येत नाही आणि तक्त्यात जागा रिकामी राहते. रिकामी जागा म्हणजे शून्य पाऊस नव्हे. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पेटी बोलली नाही’ ह्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पिकाच्या नुकसानीचा हिशेब आकड्यांवरून होतो, तेव्हा त्या जागी काय लिहिले आहे हे डोळे उघडे ठेवून वाचावे. शाळेत साधे पर्जन्यमापक असेल तर मुलांनी रोज सकाळी ठराविक वेळी नोंद ठेवावी. पेटी मुकी झाली त्या दिवशी ती वही ताडून पाहायला उपयोगी पडते.

तामलवाडीच्या त्या तात्यांनी आता पेटीच्या झाकणाला आतून एक कागद डकवला आहे. त्यावर सिमचा नंबर, कंपनी, ‘२जी’ हा शब्द, रिचार्जची तारीख, नोंदवलेले तीन फोन, आणि ‘दिवा तीन सेकंदाला एकदा’ एवढे लिहिलेले आहे. काही बदलले की तारीख घालून खाली नोंद होते, अगदी फ्यूज बदलला तरी. सर्वांत तळाशी मुलाच्या अक्षरात एक ओळ आहे : ‘सिम बदलायच्या आधी आज्जीच्या फोनमध्ये घालून बघणे.’